उपासनेच्या वेळी बाळांची खोली : आम्ही कशी चालवतो

सलाम सगळ्यांना. आमच्या चर्चमध्ये रविवारी उपासना चालू असताना तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी एक खोली असते आणि काही वर्षांपासून तिची जबाबदारी माझ्याकडे आहे. दुसऱ्या मंडळ्यांमधल्या (म्हणजे दुसऱ्या चर्चमधल्या) बायका सारख्या विचारतात की आम्हालाही सुरू करायचंय, काय काय लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मोठं आहे पण पूर्ण वाचा.

आधी हे कशासाठी ते सांगते. माझं पहिलं बाळ झालं तेव्हा जवळजवळ वर्षभर मी उपासनेला जायचे आणि बाहेर पायरीवर बसून यायचे, पहिलं गीत झालं की पोरगं रडायला लागायचं, मागच्या बाकावरचे वळून बघायचे, की मी बाहेर. संदेश काय झाला ते घरी नवऱ्याला विचारायचं. आजही कितीतरी चर्चच्या पायरीवर अशी एक तरी आई दिसते आणि कोणाला त्यात काही चुकीचं वाटत नाही. तिला दीड तास निवांत बसता यावं आणि तिच्या बाळाला त्या वेळात प्रेमाचं माणूस मिळावं, एवढ्यासाठी ही खोली.

आता सगळ्यात अवघड गोष्ट आधीच बोलते, आणि ती पैसा नाही की जागा नाही. ती आहे "अहो, सगळी आपलीच माणसं आहेत की". नियम काढला की हे वाक्य येतंच. रजिस्टर कशाला, आपलीच माणसं. दोन जणी कशाला, एक पुरे, आपलीच आहे ती. मला हे वाक्य ऐकलं की भीतीच वाटते, कारण मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याला कोणी काही विचारत नाही. म्हणून आमच्याकडे नियम सगळ्यांना सारखा, कमिटी मेंबरला पण आणि पाळकसाहेबांच्या घरच्यांना पण. खरं तर पहिला फॉर्म पाळकीणबाईंनीच भरला, त्यानंतर कोणाला राग यायचं कारणच उरलं नाही.

मदतीला कोणाला घ्यायचं? आमच्याकडे निदान सहा महिने मंडळीत नियमित येणारं माणूस लागतं, वय १८ च्या वर. फॉर्म भरायचा, त्यात दोन ओळखीच्या लोकांचे नंबर द्यायचे आणि त्या दोघांना खरंच फोन करायचा, नुसते लिहून ठेवायचे नाहीत. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला पण आणायला सांगतो, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. तरुण संघातल्या मुलींना बाळं खेळवायची फार हौस असते, त्यांना जरूर घ्या, पण मोठ्या दोघींच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. काका लोक विचारतात आम्ही चालतो का, तर चालता, एक आजोबा आहेत त्यांच्या मांडीवर सगळ्यात रडकं पोर गप्प होतं. नियम मात्र तेच.

दोन मोठी माणसं नेहमी खोलीत, हा नियम मोडायचा नाही म्हणजे नाही, आणि ती दोघं एका घरातली नकोत. नवरा-बायको किंवा मायलेकी असतील तर आम्ही ते एकच माणूस धरतो. एकीला बाथरूमला जायचंय तर आधी बाहेरून तिसरी बोलवायची मग जायचं. दार बंद करायचं नाही, आमच्या दाराला आम्ही सुताराकडून अर्धं दार करून घेतलंय, खाली बंद वर उघडं, म्हणजे पोरं बाहेर पळत नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं. लंगोट किंवा डायपर बदलायचं ते खोलीतच, दुसरीला दिसेल असं. हे सगळं मुलांसाठी तर आहेच, पण मदत करणाऱ्यांसाठी पण आहे, उद्या कोणी उगाच बोट दाखवलं तर "मी एकटी नव्हते" असं म्हणता आलं पाहिजे.

किती मुलांना किती जण, तर आमचा हिशोब असा की एका वर्षाच्या आतली तीन बाळं असली की एक मोठं माणूस, चालायला लागलेली चार-पाच असली की एक. त्याच्यावर संख्या गेली की खोली भरली असं प्रेमाने सांगायचं. वाईट वाटतं, पण आग लागली तर एकेकीला किती पोरं उचलून पळता येतील हा विचार करा, मग सांगायला जड जात नाही.

खोली निवडताना तळमजल्यावरची आणि उपासनेच्या हॉलजवळची बघा, म्हणजे आईला पटकन येता येईल. बहुतेक चर्चमध्ये जी खोली देतात ती असते अडगळीची, त्यात मोडके बाक, जुनी हार्मोनियम, नाताळची चांदणी आणि तिच्या वायरी, रंगाचे डबे, फिनेलची बाटली. सगळं बाहेर काढा, कोपऱ्यात ढकलून वर चादर टाकू नका. मग एक काम करा, स्वतः गुडघ्यावर रांगत पूर्ण खोली फिरा. उभं राहून जे दिसत नाही ते रांगताना दिसतं: बाकाखालचा खिळा, खालचं सॉकेट, फरशीच्या फटीतला मणी. कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करा. पाण्याची भरलेली बादली ठेवायची नाही, अगदी चार बोटं पाण्यात पण तान्हं बाळ बुडू शकतं. आणि गरम चहा खोलीत आणायचा नाही, उपासना संपता संपता कोणीतरी प्रेमाने कप घेऊन येतंच, त्यांना दारातच थांबवा.

खेळणी मोठी आणि धुता येणारी ठेवा. टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी असते ना, तिच्यातून जे आरपार जातं ते तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात नको. बटणासारख्या चपट्या सेलचं खेळणं तर अजिबात नको, तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते, वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. मनगटातली काळ्या मण्यांची माळ, गळ्यातली क्रूसाची साखळी हे सगळं आत येताना काढून आईकडे द्यायचं. डिसेंबरमध्ये गव्हाणी (येशूच्या जन्माचा देखावा) मांडतो त्यातली छोटी मेंढरं मुलांना फार आवडतात, ती पण उंचावर.

आता रजिस्टर. ह्याच्यावर मी जास्त बोलणार, कारण एकदा आमचीच चूक झालीय. उपासना संपली, गर्दी झाली, आणि एका बाळाचा मामा आला, सगळ्यांच्या ओळखीचा, त्याने बाळ घेतलं आणि तो गाडीकडे गेला. दोन मिनिटांनी आई आली. बाळ कुठंय? कोणालाच माहीत नाही, आणि प्रत्येकीला वाटत होतं दुसरीने दिलं असेल. पंधरा मिनिटं त्या आईने जशी काढली ते मी विसरू शकत नाही. बाळ सुखरूप होतं, मामा बाहेर लोकांना बाळ दाखवत उभा होता, पण तो मामा नसता तर?

तेव्हापासून मूल आत घेताना नाव, वय, आईवडिलांचा फोन, कुठल्या गोष्टीची ॲलर्जी, शेवटचं दूध कधी प्यायलं आणि न्यायला कोण येणार हे लिहायचं. मुलाच्या पाठीवर नंबरचं स्टिकर (पुढे लावलं तर तोंडात जातं), आणि त्याच नंबरची चिठ्ठी आणणाऱ्याच्या हातात. चिठ्ठी दिली तर मूल, नाहीतर सख्खी आजी आली तरी थांबायचं, आईला बोलवायचं. सुरुवातीला दोन आज्या रुसल्या होत्या. आता त्याच आज्या दुसऱ्यांना म्हणतात, चिठ्ठी आण आधी. घरात नवरा-बायकोचं फाटलेलं असेल, कोर्टात मुलाचा ताबा चालू असेल, तर आईला किंवा वडिलांना बाजूला घेऊन हळू विचारा आणि ते फक्त जबाबदार दोघींनाच माहीत असू द्या. मूल खूप रडलं तर आईला बोलवायचं कसं, तर आमच्याकडे गीतांचे नंबर लावायचा लाकडी फळा आहे, त्याच्या बाजूला आम्ही एक छोटी पाटी लावली, तिच्यावर मुलाचा नंबर लावला की आई उठते. माईकवर नाव पुकारत नाही.

आजारी मुलाचं सांगायला संकोच वाटतो, पण सांगा. ताप असेल तर औषध न देता २४ तास उतरलेला हवा. जुलाब, उलट्या, अंगावर पुरळ, डोळे आलेले, तोंडात आणि तळहातावर फोड असले तर त्या रविवारी खोलीत नाही. पण म्हणून त्या आईला घरी पाठवू नका, आमच्याकडे व्हरांड्यात दोन खुर्च्या आणि एक छोटा स्पीकर त्यासाठीच ठेवलाय. आम्ही कुठलंही औषध देत नाही, आईने पिशवीत दिलं तरी नाही, आईने स्वतः येऊन पाजायचं.

खाण्याचं पण तसंच, ज्याचं त्याच्या घरचं, डब्यावर नाव लिहून, आणि मांडीवर किंवा खाली बसूनच खायचं, पळत पळत नाही. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं हे श्वासनलिकेत अडकतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, जुन्या बायकांना हे पटत नाही पण त्यातून होणारा बॉट्युलिझम (एक प्रकारची विषबाधा) बाळासाठी गंभीर असतो. प्रीतिभोजनाच्या (मंडळीच्या एकत्र जेवणाच्या) दिवशी तर जास्तच लक्ष ठेवा, प्रत्येक जण काहीतरी भरवायला येतो. झोपलेलं बाळ उताणं, सपाट घट्ट गादीवर, उशी नको, राईची पण नको, तोंडाजवळ गोधडी नको.

घास अडकला तर काय करायचं हे प्रत्येकीला हाताने करता आलं पाहिजे, वाचून नाही. आम्ही मंडळीतल्या एका नर्सकडून बाहुलीवर शिकतो, वर्षातून दोनदा. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं धरायचं, डोकं छातीपेक्षा खाली, पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच जोरदार थापट्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, परत तेच, आणि त्याच वेळी दुसरीने १०८ ला फोन. तोंडात न बघता बोट घालायचं नाही, घास अजून आत जातो. बाळ खोकत असेल, रडत असेल तर हवा जातेय, त्याला खोकू द्या. एक वर्षावरच्या मुलाची पद्धत थोडी वेगळी, ती पण शिकून घ्या.

आता प्रेमाचा भाग, ज्यासाठी खरं तर हे सगळं. पहिल्या दिवशी मूल रडणारच. आईला सांगा गुपचूप सटकू नको, त्याला सांगून जा, "मी गीत म्हणून येते", आणि खरंच ये. दहा मिनिटं उचलून, फिरवून, खिडकीतून चिमण्या दाखवून बघायचं, शांत नाही झालं तर आईला बोलवायचं, अर्धा तास रडवून सवय लावायची नाही. पहिले काही रविवार आई आत बसली तरी चालेल. आपल्याकडे मोठ्या माणसांना एक वाईट खोड असते, "आई गेली तुला सोडून, आता माझ्याकडेच राहा" असं म्हणून मुलाची गंमत करायची. हे आमच्या खोलीत बंद आहे. "बुवा येईल" बंद, चापट बंद, "रडतोय कसला मुलगा असून" बंद, आणि बळजबरीने पापा घेणं पण बंद. मुलाला नावाने हाक मारा, खाली त्याच्या उंचीला बसा, टीव्ही-मोबाईल नको, बडबडगीतं, टाळ्या, डबे-झाकणं पुरतात. आणि फोटो काढायचे नाहीत. ग्रुपवर नाही, स्टेटसला तर नाहीच, कितीही गोड दिसत असलं तरी. आमचे फोन आत येताना एका टोपलीत जातात, एकच चालू राहतो इमर्जन्सीला.

एक गोष्ट लिहायला जड जाते पण लिहिते. मुलाच्या अंगावर न पटणारी खूण दिसली, किंवा त्याने काही सांगितलं, किंवा तुमच्यातल्या कोणाचं वागणं खटकलं, तर ते त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहून ठेवा आणि जबाबदार व्यक्तीला सांगा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर कमिटीची मीटिंग बोलावून, प्रार्थना करून, समजुतीने मिटवायचं नसतं. २०१२ च्या पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाबाबत असं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, नंबर आम्ही दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावलाय. मंडळीचं नाव खराब होईल असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, मुलाचं काय.

पाळ्या लावताना एकीला महिन्यातून एकच रविवार द्या, तिलाही उपासना हवी असते, नाहीतर पायरीवरची आई आत गेली आणि दुसरी बाई कायमची बाहेर आली असं होतं. गुड फ्रायडेला उपासना तीन तास असते, त्या दिवशी तासातासाने बदला, उन्हाळा असतो, पाणी जास्त ठेवा. बदली माणूस आदल्या रात्रीपर्यंत सांगायचं. आणि दोघी मिळाल्या नाहीत तर त्या रविवारी खोली उघडायचीच नाही, आमच्याकडे दोनदा असं झालं, लोक नाराज झाले, पण तिसऱ्या वेळेला तीन नवीन नावं आली.

उपासना संपल्यावर शेवटचं मूल गेलं की रजिस्टरमधला प्रत्येक नंबर चिठ्ठीशी जुळवायचा, दोघींनी सही करायची, पडद्यामागे आणि बाथरूममध्ये एकदा बघून यायचं. तोंडात गेलेली खेळणी साबणाने धुवून उन्हात टाकायची, चटया झटकायच्या, कचऱ्यातले डायपर त्याच दिवशी बाहेर. मग कडी, आणि किल्ली पुढच्या रविवारच्या पाळीवालीकडे.