एका पॅकेटचा माग काढत नेटवर्क्स शिका

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "या मशीनवरून बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पॅकेट पाठवलं, तर इथून निघणाऱ्या फ्रेमवर डेस्टिनेशन मॅक ॲड्रेस कोणाचा असेल?" मी ठामपणे म्हणाले, "सर्व्हरचा." सर म्हणाले, "एआरपी टेबल उघडून दाखवा." कुठल्या आयपीचा मॅक कोणता, याची यादी असलेल्या त्या टेबलात सर्व्हर नव्हताच. होता तो लॅबच्या गेटवेचा, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा, पत्ता. नेटवर्कच्या कामाचे थर पाडणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सातही लेयर मला वरून खाली आणि खालून वर पाठ होते. पण आयपीचा पत्ता शेवटच्या मुक्कामाचा असतो आणि मॅकचा, म्हणजे नेटवर्क कार्डाचा, पत्ता फक्त पुढच्या टप्प्याचा, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

बार्शीच्या मराठी शाळेतून डिप्लोमाला आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मी. पाठ करण्याची सवय जुनी होती. आता मीच या विषयाचं प्रॅक्टिकल घेते, आणि दरवर्षी पहिल्याच दिवशी मुलांना सांगते: युनिट एकपासून वाचायला बसू नका. आधी एका पॅकेटचा, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या एका तुकड्याचा, पूर्ण प्रवास डोळ्यांनी पाहा.

त्यासाठी वायरशार्क हे पॅकेट टिपून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं. ते फुकट आहे. आपल्याच लॅपटॉपवर, आपल्याच वायफायवर चालवा. होस्टेलमधल्या दुसऱ्या कुणाचं ट्रॅफिक बघायला जाऊ नका. डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) आणि एआरपीची साठवण रिकामी करा, कॅप्चर सुरू करा आणि टर्मिनलवरून कर्ल ही कमांड वापरून एक्झाम्पल डॉट कॉमचं पान एचटीटीपीवर मागवा. एचटीटीपीएसवर नको, नाहीतर आतला मजकूर कुलूपबंद दिसेल. ब्राउझरही नको, तो एका पानासाठी शंभर गोष्टी करतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर सगळं आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) वरून जाण्याची शक्यता असते आणि तिथे एआरपी नसतोच. म्हणून पहिल्या वेळी घरच्या नाहीतर लॅबच्या नेटवर्कवर बसा आणि कर्लला -४ (फक्त आयपीव्ही४ वापर) हा पर्याय द्या.

आता एकेक ओळ वाचा. आधी तुमचं मशीन सगळ्यांना ओरडून विचारतं की गेटवेचा हा आयपी कुणाकडे आहे, त्याने आपला मॅक सांगावा. हा एआरपी. मग एक्झाम्पल डॉट कॉम या नावाचा आयपी विचारला जातो, यूडीपीच्या ५३ नंबरच्या पोर्टवर. हा डीएनएस. त्यानंतर टीसीपीचं कनेक्शन जुळवणारे सिन, सिन-ॲक, ॲक. मग पान मागणारी एक गेट रिक्वेस्ट, तिचं उत्तर आणि शेवटी कनेक्शन बंद करणारा फिन. अर्ध्याहून जास्त सिलॅबस या वीसेक ओळींत येऊन जातो.

गेट रिक्वेस्टच्या पॅकेटवर मात्र अर्धा तास घालवा. खालच्या चौकटीत बाइट मोजा: इथरनेटचे १४, आयपीचे २०, टीसीपीचे २०, आणि ५५ व्या बाइटपासून एचटीटीपीची अक्षरं. लिनक्सवर तुम्हाला बहुधा ५४ ऐवजी ६६ मिळतील, कारण टीसीपीच्या हेडरमध्ये टाइमस्टॅम्पचे १२ बाइट वाढलेले असतात. हे मोजलं की 'एन्कॅप्सुलेशन' या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. डेस्टिनेशन आयपी आणि डेस्टिनेशन मॅक शेजारी शेजारी लिहून घ्या. माझा प्रश्न नेमका तिथेच होता.

सबनेटिंगला, म्हणजे एका नेटवर्कचे छोटे भाग पाडायला, दुसरा उपाय लागतो: रोज कागदावर पाच गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय. प्रत्येक वेळी सगळं बायनरीत लिहून काढायची गरज नाही, ब्लॉकचा आकार काढा. समजा पत्ता १९२.१६८.१०.७७ आणि मास्क /२६. ३२ पैकी २६ बिट नेटवर्कचे, उरले ६ बिट, म्हणजे ६४ चा ब्लॉक. सुरुवाती ०, ६४, १२८, १९२. ७७ बसतो ६४ च्या ब्लॉकमध्ये. म्हणून नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७, मशीनना देता येतील ६५ ते १२६, एकूण ६२.

व्हीएलएसएममध्ये, म्हणजे वेगवेगळ्या आकारांचे सबनेट करताना, 'मोठ्या गरजेपासून सुरू करा' असं सगळे सांगतात, पण का ते स्वतः करून बघा. ५०, २५ आणि १० मशीनसाठी ब्लॉक लागतात ६४, ३२ आणि १६ चे. मोठ्यापासून वाटले तर ० ते १११ मध्ये सगळे सलग बसतात. आधी १६ चा दिला, तर ३२ चा ब्लॉक १६ पासून सुरूच होऊ शकत नाही, कारण त्याची सुरुवात ३२ च्या पटीतच लागते. त्याला ३२ गाठावं लागतं आणि मधले पत्ते अडकून पडतात. पेपरात हे कारण एका ओळीत लिहा.

कंजेशन कंट्रोल, म्हणजे नेटवर्क तुंबू नये म्हणून पाठवण्याचा वेग आवरणं, मुलांना सगळ्यात कोरडं वाटतं, आणि मला तोच भाग सगळ्यात आवडतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर होतं फक्त ४०० यार्ड. पॅकेट पोचलं नाही की प्रत्येक मशीन ते पुन्हा पाठवत होतं आणि आधीच तुंबलेली वाट आणखी तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या शोधनिबंधात यावरचे उपाय मांडले. स्लो स्टार्ट त्यातलाच एक. हा प्रसंग डोक्यात ठेवून आलेख काढा: विंडो (उत्तराची वाट न पाहता पाठवायची पॅकेट) १, २, ४, ८, मग थ्रेशोल्ड आला म्हणून ९, १०, ११, १२. इथे टाइमआउट झाला तर थ्रेशोल्ड ६ आणि विंडो पुन्हा १. प्रत्येक वळणावर 'पाठवणाऱ्याला आत्ता काय कळलं?' हे मराठीत लिहा. उत्तर इंग्रजीतच लिहायचं आहे, पण कारण आपल्या भाषेत सांगता आलं नाही तर ते कळलेलं नसतं. माझ्या नोट्सच्या वहीचं डावं पान कायम मराठीत असायचं.

राउटिंगसाठी पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरमध्ये तीन राउटर जोडा आणि चालू झालं म्हणून फाइल सेव्ह करून उठू नका. बिघाड करा. एका पीसीला चुकीचा गेटवे द्या, एक केबल काढा, आणि पिंग कुठपर्यंत जातो ते पाहा. रिप या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये १५ हॉपपर्यंतच (हॉप म्हणजे राउटर ते राउटर एक टप्पा) रस्ता मानतात आणि १६ म्हणजे 'पोचताच येत नाही'. हा आकडा एवढा लहान का, ते काउंट टू इन्फिनिटीचं (राउटर एकमेकांची जुनी माहिती ऐकून अंतर वाढवतच जातात, त्या दोषाचं) उदाहरण हाताने सोडवलं की समजतं.

सॉकेटचा, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हरला बोलतं करणारा, प्रोग्रॅम मित्राकडून घेऊन सबमिशन करू नका. पायथनमध्ये तो तीस ओळींचा आहे. क्लायंटमधून दोन छोटे मेसेज लागोपाठ पाठवा, सर्व्हरला थोडं थांबवून मग एकदाच वाचायला लावा. दोन्ही एकत्र चिकटून येतील. टीसीपी मेसेज नाही, बाइटचा प्रवाह पोचवतो, हे तिथे कळतं. तेच यूडीपीवर केलं तर दोन वेगळे वाचावे लागतात. हा फरक विचारला की माझ्या लॅबमधली मुलं आता व्याख्या सांगत नाहीत, सरळ लॅपटॉप वळवून आउटपुट दाखवतात.

ओरलच्या आदल्या दिवशी नवीन काही वाचू नका. मैत्रिणीला समोर बसवा, पहिल्या दिवशी सेव्ह केलेलं ते कॅप्चर उघडा आणि तिला कुठल्याही ओळीवर बोट ठेवू द्या. ही ओळ कुणी पाठवली, कुणासाठी, आणि ती हरवली असती तर पुढे काय झालं असतं, एवढी तीन उत्तरं प्रत्येक ओळीला द्या.