६००डीवर मॅजिक लँटर्न टाकलं, आता बिट-रेट किती ठेवायचा आन कार्ड कोणतं घ्यायचं

मॅजिक लँटर्न, म्हणजे कॅननच्या कॅमेऱ्यात जास्तीची सेटिंगं देणारं, कार्डावरून चालणारं सॉफ्टवेअर, टाकलं की पहिल्याच दिवशी पोरं बिट-रेट (सेकंदाला व्हिडिओचा किती डेटा लिहायचा तो) कंपनीच्या सेटिंगच्या ३ पटीवर नेऊन ठेवतात आणि मग रेकॉर्डिंग मधेच बंद पडून राहिलं म्हणून कार्डाला बोलतात. भाऊ, आधी हिशोब करा. कॅनन ६००डी कंपनीच्या सेटिंगवर फुल एचडीत मिनिटाला साधारण ३३० एमबी लिहितो, म्हणजे सेकंदाला साडेपाच मेगाबाइट, म्हणजेच ४४ मेगाबिट. बिट-रेट सांगतात मेगाबिटमध्ये आणि कार्डावर छापलेलं असते मेगाबाइटमध्ये, ८ ने भागायचं, सगळा घोळ इथेच होतो.

आता दुप्पट केलं तर सेकंदाला ११ एमबी झाले, आणि क्लास १० कार्डाची हमी कमीत कमी १० चीच असते. म्हणून यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं घ्या, त्यात ३० ची हमी असते. पण १७० लिहिलेल्या महागड्या कार्डाच्या मागे लागू नका, कारण ६००डी स्वतःच कार्डावर सेकंदाला २० एमबीच्या आसपास लिहू शकतो, वरचा वेग फक्त घरी लॅपटॉपवर कॉपी करताना कामी येतो, तोही कार्ड रीडर चांगला असला तर. तेवढ्या पैशात ३२ जीबीची दोन ओरिजिनल कार्डं घ्या ना.

ओरिजिनल हे मी जोर देऊन सांगून राहिलो. नागपुरात बर्डीवर एका दुकानातून ६४ जीबीचं कार्ड घेतलं होतं, निघालं ८ चं, आणि पुढचं सगळं शूटिंग गेलं, त्यात एका घरच्या साखरपुड्याचे व्हिडिओ होते जे परत कधीच मिळणार नाहीत. तेव्हापासून नवीन कार्ड आणलं की आधी एचटूटेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावून पूर्ण भरून बघतो, मगच कॅमेऱ्यात टाकतो.

बिट-रेट कुठे वाढवायचा? भिंतीसमोर बसलेल्या माणसाची मुलाखत असेल तर १ पट भरपूर आहे, वाढवून फक्त कार्ड भरते. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीत जा, गर्दी, बडगे (मिरवणुकीतले पुतळे), उडणारा गुलाल, प्रत्येक फ्रेममध्ये सगळंच बदलते, तिथे कंपनीच्या सेटिंगवर चित्र फुटते, म्हणून तिथे वाढवायचा. आणि टेस्ट पण तशाच अवघड जागी करायची. संध्याकाळी फुटाळा तलावावर पाण्याच्या लाटा किंवा वाऱ्यात हलणारी झाडाची पानं फ्रेमभर घ्या, सगळं शार्प ठेवा, आणि सलग रेकॉर्ड करत राहा. स्क्रीनच्या उजवीकडे बफरची पट्टी (कार्डावर लिहायचा राहिलेला डेटा दाखवणारी) दिसायला लागली आणि भरत चालली की एक पायरी खाली या, परत करा. माझं १.८ वर स्थिर झालं, आवाज कॅमेऱ्यात बंद ठेवून. आवाज मी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो, उंच बिट-रेटला तेच बरं पडते.

अजून एक गोष्ट, ६००डीत एक फाइल ४ जीबीची झाली की रेकॉर्डिंग थांबते. साध्या सेटिंगवर १२ मिनिटं मिळतात, दुप्पट केलं की ६ च. काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे समोरासमोर यायच्या आधी जुनी क्लिप बंद करून नवीन सुरू करा, नाहीतर नेमकं तेव्हाच थांबेल.

कार्ड हळू वाटायला लागलं तर कॅमेऱ्यातच लो-लेव्हल फॉरमॅट (कार्ड पूर्ण पुसणारं फॉरमॅट) मारा, पण फॉरमॅट करताना मॅजिक लँटर्नच्या फाइली ठेवायचा पर्याय निवडा. बूटेबल केलेल्या, म्हणजे कॅमेरा ज्यावरून मॅजिक लँटर्न सुरू करतो त्या कार्डावरून त्या फाइली उडाल्या तर कॅमेरा सुरूच होत नाही, माणूस घाबरून जाते की कॅमेरा गेला. गेलेला नसतो, बॅटरी काढा, दुसरं कार्ड टाका. म्हणूनच दुसऱ्या कार्डावरही आधीच मॅजिक लँटर्न टाकून ठेवा, आणि कार्डाचं झाकण उघडल्यावर लाइट विझेपर्यंत कार्डाला हात लावू नका.