लोकल एआय मॉडेलकडून कमिट मेसेज लिहून घेताय? या चुका टाळा

ओलामा (आपल्याच मशीनवर एआय मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, क्वेन कोडर किंवा लामाचं एखादं छोटं मॉडेल उतरवलं, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) स्टेज केलेला, म्हणजे नोंदवायला निवडलेला, डिफ (काय बदललं त्याची यादी) त्यात पाइप केला आणि सांगितलं, बाबा कमिट मेसेज, म्हणजे या बदलाची नोंद, लिही. छोट्या डिफला मस्त चालतं. मोठा डिफ आला की मात्र मेसेज राहतो बाजूला आणि मॉडेल कोड समजावून सांगायला लागतं, नाहीतर एकाच फाइलबद्दल बोलत बसतं, आणि मग लोक म्हणतात की मॉडेलच बेकार आहे, मोठं घ्यायला पाहिजे. थांबा, मॉडेल लगेच बदलू नका, आधी कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर लक्षात घेतं, तो किती सेट आहे ते बघा.

ओलामाचा डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट सुरुवातीला २०४८ टोकन (शब्दांचे तुकडे) होता, नंतर ४०९६ झाला, नव्या आवृत्त्यांमध्ये तो ग्राफिक्स कार्डच्या मेमरीप्रमाणे ठरतो. मॉडेल स्वतः कितीही मोठा कॉन्टेक्स्ट झेपवत असलं तरी चालतं ते या सेटिंगप्रमाणेच. डिफ त्यापेक्षा मोठा असेल तर जादाचा भाग गुपचूप कापला जातो, एरर वगैरे काही येत नाही, आणि कापलेल्या भागात तुमची सूचनाच असेल तर मॉडेलला कळणार कसं की मेसेज लिहायचाय? एपीआय कॉलमध्ये नम-सीटीएक्स (कॉन्टेक्स्टचं सेटिंग) ८१९२ किंवा १६३८४ द्या, रॅम जास्त लागेल पण फरक लगेच दिसेल. ओपनएआय-कंपॅटिबल एंडपॉइंट (ओपनएआयच्या एपीआयसारखा चालणारा पत्ता) वापरत असाल तर तिथून हा आकडा पाठवता येत नाही, मॉडेलफाइलमध्ये (मॉडेलच्या सेटिंगची फाइल) किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये टाकावा लागतो, इथे बरेच जण अडकतात. आणि सूचना डिफच्या आधी न देता शेवटी द्या, छोटी मॉडेल्स शेवटचं वाक्य जास्त नीट पाळतात.

कॉन्टेक्स्ट वाढवण्याआधी डिफ कमी करता येतो का तेही बघा. एक पॅकेज अपडेट केलं की लॉक फाइलमध्ये (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) शेकडो ओळी बदलतात आणि तुमच्या खऱ्या चार ओळी त्यात बुडतात. गिट डिफला एक्सक्लूड पाथस्पेक (कोणत्या फाइल वगळायच्या तो पॅटर्न) देता येतो, लॉक फाइल, मिनिफाय केलेलं जेएस, जनरेट झालेला कोड सगळं वगळा. आणि एकाच कमिटमध्ये बगफिक्स, रिनेम आणि फॉरमॅटिंग कोंबलेलं असेल तर कुठलंही मॉडेल "अपडेट कोड अँड इम्प्रूव्ह स्ट्रक्चर" असलंच काहीतरी देणार, त्यात त्याची चूक नाही. गिट ॲडला पॅच ऑप्शन देऊन बदल तुकड्यातुकड्याने स्टेज करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिफमध्ये काय बदललं ते असतं, का बदललं ते नसतं. समजा टाइमआउट ३० वरून ९० सेकंद केला, कारण पेमेंट गेटवेचं उत्तर कधीकधी मिनिटभर उशिरा येतं आणि तोवर आपली रिक्वेस्ट तुटते, मग युजर परत पैसे भरतो. डिफमध्ये फक्त एक आकडा बदललेला दिसतो. मॉडेल लिहितं, "रिलायबिलिटी आणि परफॉर्मन्स सुधारण्यासाठी टाइमआउट वाढवला". परफॉर्मन्सचा इथे संबंधच नाही, ते त्याने मनानेच जोडलं, पण वाचायला इतकं व्यवस्थित वाटतं की आपण एंटर मारून मोकळे होतो. सहा महिन्यांनी कोणीतरी गिट ब्लेम करून (कुठली ओळ कोणी, कुठल्या कमिटमध्ये बदलली ते बघून) या ओळीवर येतो, त्याला वाटतं ९० सेकंद उगाच जास्त आहेत, आणि तो परत ३० करतो. मेसेज नुसता कंटाळवाणा असता तर एवढं बिघडलं नसतं, पण खोटं कारण दिलं की पुढचा माणूस फसतो. म्हणून मॉडेलला बोलवणाऱ्या स्क्रिप्टमध्येच एक ओळ विचारून घ्या, "का केलं?", ती डिफसोबत द्या, आणि प्रॉम्प्टमध्ये स्पष्ट लिहा की दिलेलं नसेल तर कारण लिहायचं नाही. कारण सांगायचा कंटाळा आला तर बॉडी (पहिल्या ओळीखालचा मजकूर) नकोच, एका ओळीचा खरा मेसेज चालेल.

आउटपुट साफ न करता थेट कमिट करणं ही अजून एक चूक. सुरुवातीला "हा घ्या तुमचा कमिट मेसेज", भोवती बॅकटिक्स, रीझनिंग मॉडेल असेल तर थिंक टॅगमधला सगळा विचार, हे सगळं हिस्टरीत जाऊन बसतं. मॉडेलने हॅशने सुरू होणारं हेडिंग दिलं तर उलटं होतं, एडिटरमधून कमिट करताना गिट ती ओळ कमेंट समजून उडवतं. टेम्परेचर (उत्तर किती मोकाट असेल ते ठरवणारा आकडा) ०.२ च्या आसपास ठेवा, आणि प्रॉम्प्टमध्ये लांबलचक नियम लिहिण्यापेक्षा तुमच्याच रेपोमधले तीन-चार चांगले मेसेज नमुना म्हणून द्या, छोट्या मॉडेलला ते पटकन कळतं.

लोकल आहे म्हणजे कोड बाहेर जात नाही हे गृहीत धरू नका. ओलामात क्लाउडवर चालणारी मॉडेल्सही आहेत, नावात क्लाउड असेल तर डिफ तुमच्या मशीनवर राहत नाही. सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांसाठी, उघडा ठेवू नका, त्याला पासवर्ड नसतो.

पहिला मेसेज यायला वेळ लागतो कारण पाच मिनिटं वापर नसला की मॉडेल मेमरीतून निघतं, कीप-अलाइव्ह (मॉडेल मेमरीत किती वेळ ठेवायचं ते सेटिंग) वाढवा.

प्रिपेअर-कमिट-मेसेज हुक (कमिट मेसेज तयार होताना गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट) लावला असेल तर तो मर्ज आणि अमेंडच्या (आधीचा कमिट सुधारण्याच्या) वेळीही चालतो आणि तुम्ही हाताने लिहिलेला मेसेज पुसून टाकू शकतो. नो-व्हेरिफायनेही (काही हुक टाळायचा ऑप्शन) तो थांबत नाही. हुकला दुसरं आर्ग्युमेंट येतं त्यात मेसेज कुठून आला ते असतं, ते रिकामं असेल तरच मॉडेलला बोलवा, नाहीतर हुकमधून तिथेच बाहेर पडा.