युरियाचा रिपोर्ट: या चुका टाळा

रक्तातला युरिया, म्हणजे प्रथिनातल्या नायट्रोजनचा कचरा, 48 असा जरा जास्त आला की घरात पहिली कुऱ्हाड ताटातल्या बांगड्यावर पडते. थोडं थांबा. युरिया किडनीत तयार होत नाही, तो लिव्हर बनवतं. किडनी फक्त बाहेर टाकते. त्यामुळे हा आकडा किती प्रथिन पचलं, लिव्हर कसं चाललंय आणि किडनीतून किती पाणी वाहतंय, या तिन्हींवर हलतो.

प्रथिनाच्या वजनात सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. प्रथिन ज्यांचं बनतं ती अमिनो आम्लं शरीराला साठवता येत नाहीत. गरज भागल्यावर उरलेल्यांचा नायट्रोजन सुटा होतो. त्यातून होणारा अमोनिया मेंदूला घातक, म्हणून स्नायू तो ग्लुटामिन आणि अ‍ॅलनिन या अमिनो आम्लांवर लादून रवाना करतात. लिव्हरमध्ये, क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी 1932 मध्ये उलगडलेल्या चक्रात, त्याचा युरिया होतो. युरियातल्या दोन नायट्रोजनपैकी एक अमोनियातून येतो, दुसरा अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लाकडून. विद्यार्थ्यांचे मार्क हमखास इथेच जातात.

एककाचा घोळ सगळ्यात जास्त. काही रिपोर्टवर बीयूएन (ब्लड युरिया नायट्रोजन) असतो, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. त्याला 2.14 ने गुणलं की युरिया. म्हणजे युरिया 40 आणि बीयूएन 19 हे जवळजवळ एकच! दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘निम्म्यावर आला’ म्हणू नका.

मे महिन्यात घामाने अंग निथळत असताना दिलेलं रक्तही फसवतं. गाळलेल्या युरियापैकी 40 ते 50 टक्के किडनी परत रक्तात घेते, आणि लघवीचा प्रवाह मंदावला की त्याहून जास्त. स्नायूंतून येणारा दुसरा कचरा, क्रिएटिनिन, असा परत जात नाही. बीयूएनला क्रिएटिनिनने भागून उत्तर 20 च्या वर आलं तर आधी पाणी कमी पडल्याची शंका घ्यावी. मात्र शौच डांबरासारखं काळं असेल तर पाणी पीत बसू नका, तडक डॉक्टर गाठा: पोटात रक्तस्राव झाला की ते रक्तही प्रथिन म्हणून पचतं आणि युरिया चढतो.

तारले खाऊन पायाचा अंगठा सुजला तर युरिया तपासून उपयोग नाही. तिथे संशय युरिक आम्लाचा; ते प्रथिनातून नाही, पेशींतल्या प्युरिन नावाच्या घटकांपासून येतं, त्याची चाचणी वेगळी.

आता 24 तासांची लघवी. सकाळी 7 ला पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ तिथून सुरू करायचं. दुसऱ्या दिवशी 7 ची मात्र कॅनमध्ये घ्यायची. दोन्ही घेतल्या तर आकडा फुगतो, मधली एक चुकली तर घटतो. कॅन फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत हवा. आपल्या दमट हवेत व्हरांड्यात राहिला तर जंतू युरिया फोडून अमोनिया करतात. मोरी (शार्क मासा) शिळी झाली की नाकाला झोंबते ती याच कारणाने. तिच्या मांसात मुळातच युरिया असतो, आणि आंबट-तीख कालवणातलं आंबट त्या वासावर बरोबर चालतं.

24 तासांच्या लघवीवरून आहारातलं प्रथिन काढताना सूत्र असं: लघवीतला युरिया-नायट्रोजन ग्रॅममध्ये, अधिक 4, गुणिले 6.25. वजन स्थिर असेल तरच ते लागू. कागदावर युरिया 17 ग्रॅम असेल तर आधी 0.467 ने (युरियातल्या नायट्रोजनच्या वाट्याने) गुणा, नाहीतर 75 ग्रॅमऐवजी 131 ग्रॅम प्रथिन दिसेल आणि आहारतज्ज्ञ उगाच ताट कापेल.

युरिया फार कमी आला म्हणून निर्धास्त राहणं ही उलटी चूक. खाणं कमी असेल तर ते समजण्यासारखं आहे. पण कावीळ, पोटात पाणी किंवा बरळणं सोबत असेल तर लिव्हर युरिया बनवू शकत नसेल. अशा वेळी अमोनियाची चाचणी सांगतात. तिला मूठ आवळायची नाही, दंडावरची पट्टी घट्ट नको, नमुना बर्फात आणि 15 मिनिटांत लॅबमध्ये. रेंगाळलेल्या नळीत अमोनिया आपोआप वाढत जातो.