फ्रान्समधल्या ग्रनोबलमध्ये शिकताना भटकायचंय? आधी बसचं वेळापत्रक वाचायला शिका

कॅम्पस फ्रान्स (प्रवेशाचे अर्ज हाताळणारी सरकारी संस्था), व्हिसा, काफ (घरभाड्याला मिळणारी सरकारी मदत), बँक खातं, खोलीचा विमा यांवर ढिगाने लिहिलेलं सापडतं, त्यामुळे ते सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. फक्त एक सांगते. पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा असतो. तो राहून गेला आणि तुम्ही दिवाळीला घरी आलात, तर परत जाताना रडाल. झालं. आता भटकंतीचं बघू.

पहिलं सेमिस्टर मी कुठेही गेले नाही. कॅन्टीनमध्ये तेव्हा 3.30 युरोत पूर्ण जेवण मिळायचं, आणि बाकी प्रत्येक खर्च मी मनातल्या मनात नव्वदने गुणायची. कॉफी अडीच युरो, म्हणजे सव्वादोनशे, नको. ग्रुपवर कोणी ना कोणी प्रागला, बार्सिलोनाला गेल्याचे फोटो टाकत असायचं आणि मी खोलीत मॅगी करत बसलेली. तुमचंही असं झालं तर घाबरू नका. गुणाकार हळूहळू सुटतो, साधारण जानेवारीत. आणि 'एका वीकेंडला तीन देश' करणाऱ्या मंडळींशी बरोबरी करू नका. त्यांना विचारलं की ते रात्रीच्या बसचेच किस्से सांगतात, गावाचं एक वाक्य नसतं.

सुरुवात फुकटातल्या गोष्टींनी करा. ग्रनोबलच्या डोक्यावर बास्तीय नावाचा किल्ला आहे. तिथे जायला नदीवरून काचेच्या गोल डब्यांचा रोपवे आहे, 1934 पासूनचा. सगळे त्यानेच जातात. तुम्ही पायी जा. चढ जेमतेम अडीचशे मीटरचा आहे, सिंहगड चढलेल्या माणसाला किरकोळ. वर पोहोचलं की खाली इझेर आणि द्राक या दोन नद्यांमधलं सपाट शहर आणि तिन्ही बाजूंनी डोंगर: व्हेरकोर, शार्त्रूझ, बेलदोन. मी चिडले, नापास झाले किंवा घरची आठवण आली की वर जाऊन बसायची. नापास एकदाच झाले, स्टॅटिस्टिक्समध्ये.

दुसरी फुकटातली गोष्ट तुमच्या वयाची आहे. युरोपात राहणाऱ्या 26 वर्षांखालच्यांना फ्रान्समधली राष्ट्रीय संग्रहालयं मोफत असतात, आणि लाँग-स्टे व्हिसावर आलेला विद्यार्थी त्यात बसतो. पॅरिसचं लूव्रसुद्धा. मी 26 पूर्ण व्हायच्या नऊ दिवस आधी लूव्र गाठलं. दारात कॉलेजचं ओळखपत्र पुढे केलं. तिथल्या बाईंनी ते नम्रपणे परत दिलं, कारण त्यावर मी कुठे राहते ते लिहिलेलंच नव्हतं. पासपोर्टमधलं व्हिसाचं पान सोबत होतं म्हणून वाचले. वेळ आधी ऑनलाइन ठरवून जा. मंगळवारी लूव्र बंद, सोमवारी पॅरिसचंच ओर्से संग्रहालय बंद. हे कोणालाही विचारत बसू नका, स्वतः बघा. कोणालाही विचारू नका असं का म्हणते, ते आता येतंय.

मे 2024. मे महिन्यात फ्रेंच माणूस कामापेक्षा सुट्टीवर जास्त असतो. 1 मे कामगार दिन, म्हणजे आपला महाराष्ट्र दिन. त्या दिवशी ग्रनोबलमध्ये ट्रामसुद्धा नसते आणि माणसं चौकाचौकात म्यूगेची पांढरी फुलं विकत असतात. मग 8 मे, दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाचा दिवस. त्या वर्षी तो बुधवारी आला. गुरुवारी, 9 तारखेला, असेन्शन या ख्रिस्ती सणाची सुट्टी. शुक्रवारी, 10 मेला, कॅलेंडरवर काही नव्हतं. आमच्या प्राध्यापकांनी तरीही तास ठेवला नव्हता. मी म्हटलं, बरं झालं, दुकानं उघडी, बस चालू, गर्दी कमी. हाच तो दिवस.

मी आणि माझी बेळगावची रूममेट, दोघी सेंत-आंत्वान-लाबेईला निघालो. जुन्या मठाभोवती वसलेलं छोटंसं गाव. ग्रनोबलहून रेल्वेने सें-मार्सलँ आणि तिथून बारा-एक किलोमीटर बसने. हा रस्ता आम्हाला एका सीनियर दादाने सांगितला होता. तो मार्चमध्ये, शुक्रवारीच, जाऊन आला होता. त्याने परतीच्या बसचा स्क्रीनशॉट पाठवला: शुक्रवार, 17.35. आम्ही तो जपून ठेवला, जणू आरक्षणाचं तिकीटच.

गाव मात्र जावं असंच आहे. मठाच्या इमारतीतलं संग्रहालय फुकट आहे, आणि तिथे मी दोन तास अडकले ते एका रोगापायी. 11व्या शतकात इथे संत अँथनीच्या अस्थी आणल्या गेल्या. त्या काळी युरोपभर 'संत अँथनीची आग' नावाचा आजार होता. हातापायांत आग व्हायची, मग ते काळे पडायचे आणि झडायचे. माणसं चालत, खुरडत या गावी यायची. मठातले अँतोनँ बंधू त्यांना चांगला पाव द्यायचे, डुकराच्या चरबीचा लेप लावायचे आणि गरज पडली तर अवयव कापायचे. आजाराचं कारण होतं राय या धान्यावर वाढणारी बुरशी, अर्गट. ती पाटी वाचून मी मैत्रिणीचा हात धरला. अरगट! आमच्या संगमनेरकडे बाजरीवर पडतो तो अरगट. आजोबा पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवायचे, दहा लिटरला दोन किलो मीठ. हलके, रोगट दाणे वर तरंगायचे, ते काढून जाळायचे. लहानपणी ते तरंगणारे दाणे वेचायचं काम माझ्याकडे होतं. बाजरीवरचा अरगट त्याच कुळातला, सख्खा नव्हे पण चुलत. तरीही फ्रान्सच्या एका मठात मला आजोबांची बादली दिसेल असं वाटलं नव्हतं.

असो. सव्वापाचला थांब्यावर आलो. 17.35 झाले. 17.50 झाले. दहा मिनिटं उशीर म्हणजे आपल्या लालपरीला काहीच नाही, म्हणून निवांत होतो. तेवढ्यात आईचा फोन. त्या दिवशी अक्षय तृतीया होती. "आमरस-पुरणपोळी झाली आमची. तू काय खाल्लंस गं?" मी म्हटलं, "मस्त जेवले." खाल्लं होतं अर्धं बगेत, म्हणजे लांबडा फ्रेंच पाव, आणि सें-मार्सलँचं चीज, जे तोवर पिशवीत वितळून माझ्या वहीला लागलं होतं.

कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा आमच्याकडे बघत दोनदा गेले. तिसऱ्यांदा थांबले. आम्ही म्हटलं, बसची वाट बघतोय. ते खांदे उडवून म्हणाले, "आ, में से ल पों!"

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं माझं सगळं फ्रेंच कामाला लागलं. 'ल पों' म्हणजे पूल. पुलाचं काहीतरी झालंय! पावसाळ्यात पूल वाहून गेल्याच्या बातम्या वाचत वाढलेली मी, घाबरून विचारलं, "कुठला पूल? पडला का?" आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. आम्ही नकाशा काढून नद्या शोधू लागलो. सें-मार्सलँपर्यंत वाटेत ज्याच्यासाठी बस बंद पडावी असा एकही पूल नव्हता.

पूल म्हणजे जोडून घेतलेली सुट्टी. गुरुवारची सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्यामध्ये शुक्रवार एकटा पडला की फ्रेंच लोक त्यावर 'पूल बांधतात'. त्याला 'फेर ल पों' म्हणतात. त्या शुक्रवारी कार्यालयं चालू असतात, दुकानं चालू असतात, कॅलेंडरवर लाल खूण नसते. पण शाळा बंद असतात. आणि आमची बस शाळेची होती.

इथे मी जरा जास्तच समजावणार आहे, कारण हे कळायला मला बारा किलोमीटर लागले.

फ्रान्समधल्या खेड्यांकडे जाणाऱ्या बसेस मुख्यतः शाळेच्या मुलांसाठी आखलेल्या असतात. बसवर शाळा लिहिलेलं नसतं, कोणीही चढू शकतं, पण वेळा शाळेच्या. त्यामुळे थांब्यावरच्या तक्त्यात प्रत्येक गाडीच्या डोक्यावर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे वार, आद्याक्षरांत. मंगळवार मार्दी आणि बुधवार मेर्क्रदी, दोन्ही 'एम'ने सुरू होतात, म्हणून बुधवारला 'एम'पुढे छोटा 'ई' जोडतात. तो नीट बघा. बुधवारी बहुतेक माध्यमिक शाळा दुपारी सुटतात, म्हणून त्या दिवशी संध्याकाळची गाडी गायब आणि दुपारी साडेबाराला एक जास्तीची. दुसरी गोष्ट म्हणजे काळ. 'पेरिओद स्कोलेर' म्हणजे फक्त शाळा चालू असताना, 'वाकांस स्कोलेर' म्हणजे शाळेच्या सुट्टीत. हे कधी रंगाने दाखवतात, कधी बारीक आकड्याने, आणि त्या आकड्याचा अर्थ तक्त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. 'सोफ दिमांश ए फेत' असेल तर रविवारी आणि सणाच्या दिवशी नाही.

आता खरा फास. शाळेची सुट्टी म्हणजे तुमच्या विद्यापीठाची सुट्टी नव्हे. फेब्रुवारी आणि एप्रिलच्या सुट्ट्यांसाठी फ्रान्सचे अ, ब, क असे तीन विभाग केले आहेत आणि प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. ग्रनोबल आणि लियों 'अ'मध्ये येतात, पॅरिस 'क'मध्ये. तेव्हा पॅरिसच्या मित्राची सुट्टी बघून इथली बस ठरवू नका. निघण्याआधी आपल्या विभागाचं शाळेचं कॅलेंडर उघडा, ज्या तारखेला जाणार तीच तारीख घालून बस शोधा, आणि आधी परतीची बघा, मग जाण्याची. सकाळची गाडी वर्षभर धावणारी असते आणि संध्याकाळची शाळेची, असंही होतं. आमच्या बाबतीत नेमकं तेच. आम्हाला गावात सोडणाऱ्या ड्रायव्हरने "बोन जुर्ने" म्हटलं आणि तो निघून गेला. त्याचा काय दोष?

दोष सीनियरचा म्हणाल, तर दादाने मार्चमध्ये जे खरं होतं ते पाठवलं. पण सीनियरवर विसंबून राहायची आपली जी सवय आहे ना, नोट्सपासून घरमालकापर्यंत, ती इथे महागात पडते. सीनियरला गाव विचारा, वेळ विचारू नका. स्क्रीनशॉट तर मागूच नका.

आम्ही चालायला लागलो. मेमध्ये जवळजवळ नऊपर्यंत उजेड असतो, ही जमेची बाजू. रस्ता अक्रोडाच्या बागांमधून जातो. 'ग्रनोबलचा अक्रोड' म्हणून 1938 पासून अधिकृत नाव मिळालेला तो हाच. झाडं सरळ रांगांत, खाली कापलेलं गवत, माणूस एक नाही. पाचव्या किलोमीटरला मैत्रीण कोकणीत शिव्या द्यायला लागली. सातव्याच्या आसपास एक पांढरी व्हॅन आपणहून थांबली. सत्तरीच्या बाई, शेजारच्या सीटवर कुत्र्याचे केस. त्यांनी आम्हाला थेट स्टेशनात सोडलं आणि वाटेत पुलाचा अर्थ सांगितला, आम्हीच हसतोय बघून आणखी हसल्या. उरलेली वाट अशी सुटली, पण हा मार्ग म्हणून सांगत नाहीये. आम्ही दोघी होतो, उजेड होता, आणि गाडी आम्ही थांबवली नव्हती. एकट्या असाल तर गावातल्या मेरीत, म्हणजे ग्रामपंचायतीसारख्या कार्यालयात, किंवा बेकरीत जाऊन सरळ अडचण सांगा. आत शिरल्यावर आधी "बोंजूर", मग रडगाणं. हा क्रम चुकला की तुमच्याकडे कोणी बघणार नाही.

त्यानंतर महिनाभर मी फक्त रेल्वेने जाता येईल अशाच जागा केल्या. लियों त्यातलंच, साधारण दीड तासावर. तिथे सगळे जुन्या शहरातल्या त्राबूल बघायला जातात, म्हणजे घरांच्या पोटातून जाणारे बोळ. ते बघाच. पण मेट्रोने मोंप्लेझीरलाही जा. तिथे सिनेमाचा पाया घालणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याची शेड जपून ठेवली आहे. 1895 मध्ये कामगार बाहेर पडतानाचं दृश्य तिथेच चित्रित झालं. पुढच्याच वर्षी, 7 जुलै 1896 ला, त्यांचे चित्रपट मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले आणि ते पाहून आपल्या सावेदादांनी, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला. मी त्या शेडसमोर उभी राहून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा म्हणाले, "गोडाऊनच आहे की."

जूनच्या शेवटी धीर करून परत बसच्या वाटेला गेले. पों-आं-रोयान्सला जायचं होतं, जिथे घरं बूर्न नदीवरच्या कड्याला टांगल्यासारखी उभी आहेत. तक्ता तळटिपांसकट वाचला. मला हव्या त्या गाडीपुढे टेलिफोनचं बारीक चित्र होतं आणि लिहिलं होतं, 'स्यूर रेझेर्वास्यों'. म्हणजे आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तरच ती गाडी निघते. कोणी नाही सांगितलं, तर तक्त्यावर वेळ असूनही गाडी येत नाही. फोनवर फ्रेंच बोलायच्या भीतीने मी तास घालवला, वाक्यं वहीत लिहून घेतली, त्याच चीज लागलेल्या वहीत. पलीकडच्या बाईंनी आडनावाचं स्पेलिंग तीनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेला आठ सीटची एक व्हॅन आली. ड्रायव्हरने हातातला कागद बघून माझ्या आडनावाचे चार तुकडे केले आणि मान वर करून विचारलं, तुम्हीच का? आत दुसरं कोणी नव्हतं.