रेंज नसलेल्या वाडीतल्या वर्गात तंत्रज्ञान कसं वापरावं

आमच्या खाडीकाठच्या द्विशिक्षकी शाळेत मी टीव्ही पहिल्यांदा लावला तो श्रावणात. मुलांना भरती-ओहोटीचा व्हिडिओ दाखवायचा होता. पडद्यावर चकती फिरत राहिली, रेंज गेली, मागोमाग लाईट गेली. वर पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की उरलेला तास मी ओरडून घेतला. मुलं हिरमुसली. तेव्हापासून मी एक नियम धरला आहे : इंटरनेटशिवाय चालणार नाही असं काहीही वर्गात न्यायचं नाही.

पाठ आधी निवडा

आठवड्याचं टाचण काढताना स्वतःला विचारा, यातलं फळ्यावर काय दाखवता येत नाही? ज्वालामुखी, हृदयाचे ठोके, चंद्राची पृथ्वीभोवतीची फेरी. तेवढंच पडद्यासाठी ठेवा. शाळेच्या कुंपणाला जास्वंद फुललेली असताना फुलाचे भाग टीव्हीवर दाखवू नका. आठवड्याला दोन पाठ पुरे होतात.

आदल्या दिवशीच उतरवून ठेवा

बालभारतीच्या पुस्तकांत पाठाशी क्यूआर कोड असतात. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा ॲपमधून ते स्कॅन केले की त्या पाठाचं साहित्य उघडतं आणि बरंचसं डाउनलोडही करता येतं. आमच्याकडे रेंज मिळते ती वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर. मी संध्याकाळी तिथे जाऊन आठवड्याचं सगळं एकदम उतरवते. किविक्स ॲपमध्ये मराठी विकिपीडिया उतरवून घेतला की मुलांच्या बऱ्याच प्रश्नांना नेटशिवाय उत्तर शोधता येतं. विज्ञान-गणितासाठी कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः हाताळून बघायचे प्रयोग आहेत. त्यातली कित्येक मराठीत आहेत आणि फाइल उतरवली की लॅपटॉपवर तशीच चालतात.

फाइलला इयत्ता, विषय आणि पाठ अशी नावं द्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मोबाइलमध्ये. सकाळी मुलं यायच्या आत प्रत्येक फाइल शेवटपर्यंत चालवून बघा. अर्धवट उतरलेली फाइल नेमकी वर्गात दगा देते.

वीज आणि आवाज

शाळा व्यवस्थापन समितीकडे पैसे मागायचे असतील तर प्रोजेक्टरच्या आधी इन्व्हर्टर मागा. हिशेब साधा आहे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर. ती निम्मीच वापरायची म्हटलं तरी ५० वॉटचा ३२ इंची टीव्ही शाळेचा सगळा दिवस चालतो. २५० वॉटचा प्रोजेक्टर तीन-साडेतीन तासांत तेवढी वीज संपवतो, शिवाय त्याला अंधार लागतो. लहान वर्गाला टीव्हीच बरा. कौलांखाली एक वेळ चालून जाईल, पण पत्र्याखाली टीव्हीचा स्वतःचा आवाज पावसात ऐकूच येत नाही. वेगळा स्पीकर घ्या आणि तो मुलांच्या मधोमध ठेवा.

दाखवताना थांबा

व्हिडिओ तीन-चार मिनिटांपेक्षा मोठा नको. लावण्याआधी प्रश्न टाका आणि अर्ध्यावर थांबवून विचारा, पुढे काय होईल? मुलांना आधी वहीत लिहू द्या, मग पुढचा भाग लावा. दोन इयत्ता एका खोलीत असतील तर एक गट पडद्यासमोर आणि दुसरा स्वाध्यायाला, पडद्याकडे पाठ करून. नाहीतर दोन्ही गट टीव्हीच बघतात.

मुलांच्या हाती काम द्या

माझ्या मते खरा लाभ इथे आहे. आमचा भरतीचा पाठ असा होतो. जेटीच्या खांबावर दर १० सेंटिमीटरला रंगाची रेघ मारायची. शाळेच्या वेळात दर तासाला दोन मुलांनी मोठ्या माणसासोबत जेटीवर जायचं, एकाच पायरीवरून खांबाचा फोटो काढायचा आणि पाणी कुठल्या रेघेला आहे ते वहीत लिहायचं. पाण्यात कोणीही उतरायचं नाही. हे पंधरा दिवस चालतं. मग आकडे लॅपटॉपवरच्या तक्त्यात भरून आलेख काढायचा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती यांतला फरकही आलेखात उमटतो.

त्यानंतर त्यांना आजोबांकडे पाठवा. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. प्रत्येक खाडीला यात थोडा फरक पडतो. आपल्या खाडीचा फरक किती, हे आलेखावरून शोधायला सांगा. एका मुलीने आजोबांचा हिशेब मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला होता. तो वर्गात लावला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकली.

मुलांचे फोटो किंवा आवाज शाळेबाहेर पाठवायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

पावसाळ्यातली निगा

खारी हवा आणि दमट भिंती यंत्रं खातात. टीव्ही भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा. लॅपटॉप झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांत ओल भरते, म्हणून त्या अधूनमधून बदला. वापर नसला तरी आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास सगळं चालू करा. आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा, डिशची वायरही काढा. गणपतीच्या सुट्टीला कुलूप लावण्याआधी ही जबाबदारी शाळेजवळ राहणाऱ्या एका पालकावर नावानिशी सोपवा आणि किल्ली त्यांच्याकडे द्या.