परदेशी विमानाची तारीख, वेळ आणि अंतर : या चुका टाळा

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात दर वर्षी कोणी ना कोणी मुलाकडे, लेकीकडे अमेरिकेला निघतं आणि निघायच्या तोंडावर तिकीट घेऊन माझ्याकडे येतं. चुका त्याच त्या. जीव तुटतो, म्हणून लिहितो.

सगळ्यात महाग चूक तारखेची. मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. माझ्या मामा-मामींचं न्यूयॉर्कचं तिकीट १४ जानेवारीचं, वेळ ०१:१०. मामांनी ठरवलं, संक्रांतीला सकाळी तिळगूळ देऊन दुपारच्या गाडीने मुंबई गाठू. सकाळी आठला मी सहज तिकीट हातात घेतलं आणि पोटात गोळा आला. विमान सुटून जवळपास सात तास झाले होते. नातवासाठी आणलेल्या लीला चिवड्याच्या पुड्या बॅगेत वर ठेवलेल्या. मामी त्यांवर हात ठेवून बसून राहिल्या. नवी तिकिटं काढावी लागली.

तेव्हापासून रात्री १२ ते ३ मधली वेळ दिसली, की मी कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लाल पेनाने लिहितो : ‘आज रात्री विमानतळ’. मोबाइलच्या आठवणीवर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक, घड्याळांची वजाबाकी. त्याच तिकिटावर पोचायची वेळ होती १४ तारीख, सकाळी ७. मामा म्हणाले, ‘सहा तासांत पोचतो की!’ अहो, दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. म्हणजे प्रवास ५ तास ५० मिनिटं अधिक साडेदहा तास, एकूण १६ तास २० मिनिटं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा साडेनऊ धरा.

विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरून अंतराला ९०० ने भागून वेळ काढणारी घाईची मंडळीही चुकतात. मुंबई–न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. भागाकार चौदा तासांच्या आतच येतो. पण जाताना पश्चिमेचा जोरदार वारा समोरून येतो, येताना तोच पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास सहसा लवकर होतो. शिवाय २०२२ पासून बऱ्याच कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, तो वळसा वेगळा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी तर ठेवूच नका. पृथ्वी गोल आहे. सर्वांत जवळची वाट उत्तरेला पार आइसलंडच्या बाजूने जाते.

अमेरिकेत विमान बदलायचं असेल, तर पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि सहसा सामानही तिथेच घेऊन पुन्हा द्यावं लागतं. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

आणि बडोदा–मुंबई हा प्रवासही हिशेबात धरा. रेल्वेने साधारण ४०० किलोमीटर, पावसाळ्यात गाडीचा भरवसा नाही. मी सकाळची गाडी घेतो आणि बोरिवलीलाच उतरतो. मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन सामानासकट अंधेरीच्या विमानतळाकडे उलटं यायचं कशाला?